डाव्या आरशातला अंकुश

"हॉर्न वाजवून गाडी लहान होती का, मॅडम?"

संघप्रियाने स्कूटीच्या हॉर्नवरचा अंगठा काढला. कळंबोलीच्या त्या गल्लीत एक कंटेनरचा ट्रेलर अख्खा रस्ता अडवून आडवा उभा होता, आणि त्याच्यापुढे दोन्ही हात पसरून एक तरुण. श्रावणातली सर नुकतीच येऊन गेली होती. त्याचा एक खांदा चिंब भिजलेला, दुसरा कोरडा ठणठणीत.

"माझा आज पहिला दिवस आहे. उशीर होतोय," ती फणकाऱ्याने म्हणाली.

"मग तर दोन मिनिटं बघाच. मागं येऊ लागलीय."

"कोण?"

"गाडी!"

आणि तिने बघितलं. चाळीच्या चार खोल्यांएवढं ते धूड एका अरुंद फाटकाकडे पाठ करून सरकत होतं. तो तरुण बाजूने चालला होता, एक डोळा फाटकाच्या खांबावर, एक चाकांवर. त्याने पत्र्यावर तळहात मारला. एक ठोका. धूड जागच्या जागी थांबलं. त्याने वाकून काहीतरी पाहिलं आणि दोन ठोके दिले. धूड पुन्हा मागे सरकू लागलं. दोन्ही खांबांपासून वीतभर अंतर राखून ते असं आत गेलं, की संघप्रियाचं तोंड उघडं ते उघडंच राहिलं.

लोक समुद्राकडे असे बघतात, डोंगराकडे बघतात. ही मुलगी ट्रेलरकडे बघत होती. ऐरोलीच्या एका ऑफिसात ती बिनखिडकीच्या खोलीत हेडफोन लावून बसायची, आणि घरी जाताना बसच्या खिडकीतून शेजारची चाकं बघायची. पुढे तिने जड वाहनाचं लायसन्स काढलं, नोकरी सोडली आणि आईला नंतर सांगितलं. पण नुसत्या लायसन्सवर कोण एवढी गाडी हातात देतं? आधी रस्त्यावरचं ट्रेनिंग, मग परीक्षा. पास झाली तर स्वतःची गाडी. नाहीतर पुन्हा हेडफोन आणि ती खोली.

"झालं. जा आता. कुठं जायचंय?" तरुणाने विचारलं.

"याच फाटकात."

त्याने तिच्याकडे नीट पाहिलं. "...संघप्रिया तांबे?"

"हो."

"मी अंकुश. तुमचा ट्रेनर." त्याने उगाच घड्याळ पाहिलं. "पहिल्याच दिवशी उशीर?"

"तुमच्यामुळेच तर झाला, सर!"

तो हसला. हसताना त्याचे डोळे बारीक व्हायचे, हे तिने तेव्हाच टिपलं. ट्रेनिंगचा तो भाग काही कुणाला शिकवावा लागला नाही.

---

"पायरीवर पाय, दांड्याला हात, आन् खाली बघायचं न्हाई," अंकुश म्हणाला.

ती चढली. सीटवर बसली. आणि तिच्या तोंडून फक्त "बाप रे..." एवढंच निघालं.

रोजचा रस्ता खाली राहिला होता. गाड्यांचे टप दिसत होते. बसस्टॉपच्या छपरावर कुणाची तरी एक चप्पल पडलेली दिसत होती. आणि यार्डाच्या भिंतीपलीकडे, तिवरांच्या हिरव्या रांगेच्या मागे, खाडीचं पाणी ऊन पडून लखलखत होतं.

"सर, ही खाडी रोज इथेच होती?"

"होती की. तुमीच खाली होता."

तिने चावी फिरवली. इंजिनाची घरघर तळपायातून वर चढत दातांपर्यंत पोचली. अंगावर सरसरून काटा आला. एवढा मोठा जीव आपल्या एका चावीने जागा होतो, याचं तिला हसूही आलं आणि भीतीही वाटली.

"एकच नियम सांगतो," अंकुश म्हणाला, आणि त्याचा आवाज एकदम गंभीर झाला. "मागं घेताना मी खाली असतो. एक ठोका म्हंजे थांब, दोन म्हंजे चल. पन डाव्या आरशात मी दिसलो पाहिजे. दिसलो न्हाई, तर गाडी हलवायची न्हाई. ठोके ऐकू येवोत, शिट्टी वाजो, नाहीतर खुद्द मालक येवो."

"आणि तुमी दिसताय, पण मीच भलतीकडे बघत असेन तर?"

"तर ब्रेक."

"सगळ्याला ब्रेकच?"

"सुरुवातीला ब्रेकच." मग जरा थांबून, "भलतीकडं काय बघायलाव आता? आरसा तिकडं हाय."

"बघायलाव!" संघप्रिया खुदकन हसली. "हे कुठलं मराठी, सर?"

"लातूरचं. चांगलं हाय. तुमी बी शिका."

ती शिकली. गाडीही शिकली आणि ते मराठीही. ट्रेलरचं शेपूट डावीकडे न्यायचं तर स्टेअरिंग उजवीकडे फिरवायचं, हे डोक्याला पटायला वेळ लागला. गव्हाण फाट्याच्या चढावर तिची गाडी बंद पडली, तेव्हा मागून हॉर्नचा नुसता कल्लोळ उठला. तिने घाईघाईने पुन्हा पुन्हा चावी फिरवली. अंकुशने स्टेअरिंगला हातसुद्धा लावला नाही. पाण्याची बाटली उघडून तिच्यापुढे धरली.

"घोटभर प्या आधी. वाजवू द्या त्यान्ला. हॉर्ननं गाडी लहान होत न्हाई."

ती पाणी प्यायली आणि गाडी चढावर अलगद उचलली. इतकी अलगद, की तिचा तिलाच विश्वास बसेना. शेजारी अंकुश खिडकीबाहेर बघत बसला होता, पण त्याचे डोळे बारीक झाले होते.

मग ते बंदरात गेले. क्रेन तिने लांबून पाहिल्या होत्या. आज ती त्यांच्या पायांमधून गाडी घेऊन चालली होती. मान मागे टाकली तरी टोक दिसेना. वरून लोखंडी हात उतरला, कंटेनर धरला आणि कागदाचा खोका उचलावा तसा उचलला. त्याच क्षणी तिच्या बुडाखालची गाडी हलकेच वर उठली.

"हे... हे काय झालं?"

"ओझं उतरलं की गाडी श्वास सोडती बगा," अंकुश हळू आवाजात म्हणाला. "मला अजून बी दर वेळी भारी वाटतं."

तिचे डोळे चक्क भरून आले. कंटेनर आभाळात चालला होता आणि ती त्याच्याकडे बघत होती. सहज वळून पाहिलं, तर अंकुश कंटेनरकडे बघतच नव्हता. तिच्याकडे बघत होता. दोघांनीही घाईघाईने समोर पाहिलं. समोर बघण्यासारखं काहीही नव्हतं.

परतताना पावसाची भुरभुर लागली आणि डावा आरसा थेंबांनी भरून गेला. सिग्नलला गाडी थांबताच अंकुशने खिडकीतून हात बाहेर काढला आणि आपल्या रुमालाने आरसा पुसला. कडेकडेने, अगदी सावकाश. एखाद्याने इतक्या मायेने काच पुसावी आणि बघणारीने काचेकडे सोडून हाताकडेच बघत बसावं, याला काय म्हणायचं? सिग्नल हिरवा झाला तरी गाडी हलेना.

"मॅडम... हिरवा."

"हो हो, टेन्शन नका घेऊ!"

करावे गावातल्या भाड्याच्या घरी वेणूबाई, तिची आई, ताट वाढून बसलेली असायची. "कसा हाय तो शिकवनारा?"

"कडक आहे."

"वरडतो?"

"नाही ना, आई. ओरडत नाही... तेच तर."

वेणूबाईने लेकीच्या तोंडाकडे पाहिलं आणि न मागता वरून भात वाढला.

---

परीक्षेचा दिवस ठरला. यार्डाचे प्रमुख अब्दुर्रहमानचाचा, उरणकडचे, आयुष्य स्टेअरिंगवर काढलेले, स्वतः परीक्षा घेणार होते.

"पास झालात की तुमाला तुमची गाडी," आदल्या दिवशी परतीच्या वाटेवर अंकुश म्हणाला. "आन् मला नवीन बॅच."

म्हणजे हा केबिनमधला शेवटचा दिवस. ज्यासाठी एवढा खटाटोप केला, ते हाताशी आलं, तर ते नकोसं वाटावं?

"मग होते नापास," ती हसत हसत बोलून गेली. "उद्या मुद्दाम एखादा खांब घासते. अजून महिनाभर शिकवावं लागेल तुमाला."

अंकुश हसला नाही.

"खाली मी उभा असतो, संघप्रिया."

मॅडम न म्हणता तो तिला पहिल्यांदाच नुसत्या नावाने हाक मारत होता, आणि तेही अशी. तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं. किती सांभाळून हा माणूस आपल्याला शिकवतोय, आणि आपण काय बोललो! तिने मनाशी ठरवलं: उद्या असं चालवायचं, की त्याला मान वर करून बघावंसं वाटेल.

आणि तिने तसंच चालवलं. चाचा शेजारी मांडीवर हात ठेवून बसले होते. रस्ता झाला, चढ झाला, वळणं झाली. शेवटी गोदामाच्या माल उतरवायच्या धक्क्याला गाडी मागे लावायची होती. अंकुश खाली उतरला. शेजारच्या धक्क्यालाही दुसऱ्या कुणाचा ट्रेलर लागत होता. हमालांचा आरडाओरडा, इंजिनांची धडधड, सगळा कालवा.

डाव्या आरशात अंकुश उभा होता. कालपासून त्याने तिच्याकडे धड पाहिलं नव्हतं, पण हात नेहमीसारखाच हलत होता. ये... ये... येऊ दे. ती इंचाइंचाने मागे आली.

आणि आरसा रिकामा झाला.

ती थांबली. पुढच्याच क्षणी पत्र्यावर ठोके वाजले. दोन. खणखणीत.

चल.

तिचा पाय क्लचवर होता. थोडंसंच तर राहिलं होतं. आरशात मात्र फक्त ओला रस्ता दिसत होता.

"काय गो पोरी? ठोके ऐकलेस ना?" चाचांनी विचारलं.

"ऐकले."

"मग?"

"ते दिसत नाहीत, चाचा."

"धक्का समोर हाय. वेळ जातेय."

"जाऊ दे," ती म्हणाली. तिने हँडब्रेक ओढला आणि इंजिनच बंद करून टाकलं. नापास तर नापास. तो दिसल्याशिवाय ही गाडी एक इंचही हलणार नव्हती.

तेवढ्यात शेजारचा ट्रेलर मागे सरकू लागला. दोन ठोके त्याचे होते.

आणि तिच्या ट्रेलरच्या मागून, धक्का आणि पत्रा यांच्या मधल्या सांदीतून, अंकुश वाकून बाहेर आला. त्याच्या हातात लाकडाचा जाड ठोकळा होता, चाकाच्या वाटेत कुणीतरी विसरलेला. आधी त्याने शेजारची सरकणारी गाडी पाहिली, मग तिची बंद गाडी. त्याच्या चेहऱ्यावरचा रंगच उडाला.

संघप्रिया कशी उतरली, तिला कळलंच नाही. चाचा तिच्या आधी पोचले होते.

"अंकुश! आत शिरताना एक ठोका का नाय दिलास?"

"...विसरलो, चाचा."

चाचांनी त्याच्याकडे पाहिलं. मग तिच्याकडे. मग पुन्हा त्याच्याकडे, आणि लांब श्वास सोडला.

"पोरगी पास. मास्तर नापास," ते म्हणाले. "मी चहा घेऊन येतो. सावकाश येतो."

ते गेले आणि संघप्रियाला रडूच फुटलं. तिने त्याच्या दंडावर एक बुक्की मारली, मग आणखी एक. "दोन ठोके ऐकले होते मी! पाय सुटतच होता माझा... तुमी आत, आणि मी... तुमीच म्हणालात ना, खाली मी उभा असतो? मग?"

"आजवर कधी विसरलो न्हाई," तो म्हणाला. त्याने हातातला ठोकळा खाली ठेवला. "काल तुमी म्हणलाव, नापास होते. मी रागावलो. पन नंतर... मला बी वाटलं, व्हावं. ट्रेनर असून असं वाटलं मला! सकाळपासून तेच डोक्यात. शेवटचा दिवस... शेवटचा दिवस... आन् ठोका राहून गेला."

वरच्या पत्र्यावरून पाणी ठिबकत होतं. त्याचा एकच खांदा पुन्हा भिजत होता, आणि त्याला त्याचं भान नव्हतं.

"मला तुमी आवडता," अंकुश म्हणाला. "पास झाल्यावरच सांगणार होतो. आधी बोललो असतो, तर तुमच्या पास होण्यात माझा हात हाय असं कुणीबी म्हणलं असतं. ते मला नको होतं. ते सगळं तुमचं हाय."

एवढा मोठा माणूस तिने आजवर पाहिला नव्हता. तिला त्या क्रेनच्या पायथ्याशी वाटलं होतं तसंच वाटलं, मान वर करून बघतच राहावं असं. आणि इतके दिवस चुरुचुरु बोलणाऱ्या या मुलीला नेमका आताच शब्द सापडेना. तेवढ्यात चाचा चहा घेऊन आले, तेही बरंच खोकत.

---

सोमवारी सकाळी संघप्रिया आपल्या गाडीत एकटी चढली. शेजारची सीट रिकामी होती. खाडी होती तिथेच होती, लखलखत. तिने इंजिन सुरू केलं, फाटकाशी आली, आणि पत्र्यावर ठोका पडला. एकच.

तिने ब्रेक मारला. खिडकीखाली अंकुश उभा होता.

"काय झालं? काही राहिलं का?"

"राहिलं ना." त्याने मान वर केली. "तुमी उत्तर दिलं न्हाई."

मागच्या ट्रेलरने हॉर्न मारला. त्याच्या मागच्यानेही.

"माझा आज पहिला दिवस आहे. उशीर होतोय," ती म्हणाली, पण ओठांच्या कडा ऐकेनात.

"दोन मिनिटं."

हॉर्न वाजतच होते. वाजू देत. तिने खिडकीतून वाकून खाली पाहिलं. "रविवारी करावेला या. आई विचारतेय कधीपासून, कोण तो न ओरडणारा... मी सांगितलंय तिला. सगळं. मला तुमी आवडायलाव म्हणून."

लातूरचं मराठी तिने पार मोडून टाकलं होतं. अंकुश मोठ्याने हसला, डोळे अगदी दिसेनासे झाले, आणि तो तसाच उभा राहिला, हात वर उचललेला.

"ठोके, सर!"

"सर नको आता."

"मग... ठोके, अंकुश."

त्याने ठोके दिले. एक, आणि लगेच दुसरा.

ती निघाली. पुढे जाताना डाव्या आरशात कुणी दिसलंच पाहिजे, असा काही नियम नाही. तरी रस्त्यावरचं लक्ष न हलवता ती मधूनमधून तिकडे बघत राहिली, आणि वळण येईपर्यंत तो दिसत राहिला.