भेगेवरची काच

अठ्ठावीस नोव्हेंबर, गुरुवार. दिवसभर ढगाळ, संध्याकाळनंतर वारा पडलेला, पाऊस नाही. पोरांनो, तारीख ध्यानात ठेवा. उद्या कुणी थाप म्हटलं, तर तोंडावर मारता येईल. ही गोष्ट ज्याच्यावर गुदरली, तो या म्हाताऱ्याच्या शेजारच्या टेबलावर वीस वर्षं बसत होता.

जुन्या वास्तूंच्या खात्यात तो मोजणीदार. शहराबाहेर चारशे वर्षांचा दगडी मनोरा होता, त्याला भेगा गेलेल्या. भेगेवर हा काचेची पातळ पट्टी आडवी चिकटवायचा. भिंत केसभर हलली की काच तडकते. अकरा वर्षं दर महिन्याला काच तडकली, दर महिन्याला याने वर कळवलं. मग काय आलं? डागडुजी? नाव नको! हुकूम आला : काच वारंवार फुटते, सबब प्लॅस्टिकच्या पट्ट्या लावाव्यात.

प्लॅस्टिक वाकतं, फुटत नाही. कागदावर मनोरा ‘स्थिर’ झाला.

आणि त्या गुरुवारच्या दुसऱ्या दिवशी सकाळी नऊला तो लोकांसाठी खुला व्हायचा होता. वरच्या सज्जात शाळेची चाळीस मुलं गाणार होती. त्यांत मोजणीदाराची धाकटी.

“साहेब, निदान मुलांना तरी वर चढवू नका.”

“अहो, चारशे वर्षं उभा आहे. तुमच्या पोरीच्या वजनाने पडणार का?”

“चारशे वर्षं कुणीतरी बघत होतं, म्हणून उभा आहे.”

“मग बघा ना! पगार त्याचाच घेता.”

डोकं आपटायला भिंतसुद्धा धड नाही, असं पुटपुटत तो रात्री सव्वाअकराला किल्ली, विजेरी आणि सात काचा घेऊन मनोऱ्यात शिरला. सकाळी साहेबाच्या नाकासमोर फुटक्या काचा धरायच्या, एवढंच डोक्यात.

पाचवी काच लावून तो पायरीवर टेकला. पावणेदोन वाजले होते.

खाली टक् झालं. पहिली काच गेली. मग दुसरी.

“घाबरला असेल ना, काका?”

छे रे, खूश झाला! पुरावा मिळाला ना. पण मग...

खर्र... खर्र...

दगडावर गवंड्याची थापी फिरते तसा आवाज. दाराकडून.

“कोण आहे?”

थापी थांबली.

“साहेबांनी पाठवलंय का?”

खर्र.

तो उतरला. एकेक पायरी. दाराशी कोणी नाही. पण दारात... गुडघ्याएवढी भिंत. दगडाला दगड चपखल. सांधे ओले.

मागे जिन्यावर कुणीतरी श्वास सोडला. दमलेल्या माणसासारखा.

त्याने वळून पाहिलं नाही. भिंत ओलांडली. पळाला.

सकाळी साडेआठला साहेब आले, मुलं आली. दार माथ्यापर्यंत चिणलेलं. सतरा थर.

“हे तुमचेच उद्योग!” साहेब कडाडले.

“एका रात्रीत, साहेब? आपल्या खात्याला एक पायरी बदलायला सहा वर्षं लागली.”

साहेब म्हणाले, फोडा. कारकून हळूच म्हणाला, जुनी वास्तू आहे, फोडायला वरची परवानगी लागते. परवानगी मागवली. तोवर मुलांना रस्त्यापलीकडच्या मैदानात उभं केलं.

नऊ वाजून वीस मिनिटांनी, दुसरं गाणं चालू असताना, मनोरा जागच्या जागी खाली बसला. कुणाला खरचटलंही नाही.

धुरळा खाली बसल्यावर तेवढं दार उभं होतं. मोजणीदाराने आतली बाजू तपासली. सतराही थरांचे सांधे आतून भरलेले, आतून घोटलेले. मनोऱ्याला दुसरं दार नव्हतं.

ढिगारा नऊ दिवस उपसला. आत कोणी सापडलं नाही.