नाव न घेता मारलेली हाक

गारखेड्यात एका शिवणक्लासच्या वरच्या मजल्यावर 'शेजार रेडिओ' चालतो. पूर्वी तिथं कापडाचे तागे ठेवायचे. क्लासच्या बायकांनी जुन्या गोधड्या भिंतींना ठोकल्या, पाण्याच्या टाकीशेजारी अँटेना उभा करून घेतला आणि बोलायला सुरुवात केली. कुठल्या गल्लीत नळाला पाणी कधी येणार, कुणाची शेळी हरवली, कुणाच्या पोरीला नोकरी लागली, असलं सगळं. इकडं दौलताबादचा किल्ला, तिकडं सावंगी. त्यापलीकडं आवाज जात नाही. फुलंब्रीला तर रेडिओ कानाला लावला तरी नुसती खरखर.

दुपारी 'हाक' नावाचा कार्यक्रम असतो. हरवलेल्याला, रुसून गेलेल्याला घरच्या माणसानं माइकवरून हाक मारायची. हाकेनंतर माइक तसाच चालू ठेवून जरा थांबायचं, ही तिथली पहिल्यापासूनची रीत. बांधावरून हाक दिली की माणूस उत्तरासाठी थांबतो, तसं. आणि एक नियम होता. नाव-गाव सांगितल्याशिवाय हाक नाही.

तो नियम मंजुषानं मोडला. कार्यक्रम तीच चालवायची आणि हरवले होते तिचेच वडील.

काकासाहेबांना अलीकडं विसर पडायचा. एका सकाळी खिशात छोटा रेडिओ घालून, "फुलंब्रीच्या रानात चक्कर मारून येतो," म्हणाले आणि गेले. रान विकून वर्षं लोटली होती. पोलिसांत कळवलं. धाकट्या शिवराजनं मोटारसायकलवर फुलंब्रीचा सगळा रस्ता पालथा घातला. पत्ता नाही. आशा एकच. पोरीचं स्टेशन सोडून म्हातारा दुसरं काही लावत नसे.

म्हणून आई, लक्ष्मीबाई, माइकपुढं येऊन बसली.

"आई, त्यांचं नाव घे."

"आजवर घेतलंय का कधी?"

"मग मी सांगते."

"नको. शिवराजची सोयरीक जुळत आलीय. बाप भ्रमिष्ट झाला म्हणून गावभर करतीस का? माझा आवाज कळतो त्यांना."

मंजुषानं माइक आईकडं सरकवला. लक्ष्मीबाईनं पदर सारखा केला.

"अहो," ती म्हणाली, "घरी या. ताट वाढून ठेवते."

यंत्र सांभाळणाऱ्या गोकुळनं बोट वर केलं. सगळे थांबले. पंखा तेवढा कुरकुरत होता.

कार्यक्रम संपला आणि फोन वाजला.

"ताई, उत्तर आलं की हो. म्हातारा आवाज होता. व्हय, निघालो, म्हणाला."

"कोण बोलतंय?"

"सुदर्शन. फुलंब्रीतून. पिठाची गिरणी हाय माझी."

"फुलंब्रीला आमचं स्टेशन लागत नाही, दादा."

"ते मला नाय म्हाईत. गिरणी बंद करून ऐकलं म्या."

गोकुळनं रेकॉर्डिंग पुन्हा लावलं. आईची हाक, मग पंखा. बाकी काही नाही. "कुणीतरी चेष्टा करतंय," तो म्हणाला. मंजुषालाही तसंच वाटलं. शिवराज मात्र पुन्हा फुलंब्रीला जाऊन आला. हात हलवत.

दुसऱ्या दिवशी फुलंब्रीच्या अलीकडच्या चौका गावातून चहावाल्याचा फोन आला. मग सावंगीचा. आवाज तोच, वाट तीच, दर वेळी शहराच्या आणखी जवळ. मंजुषाला जेवण जाईना. बसली की उठावंसं वाटायचं, उठली की खिडकीशी जावंसं वाटायचं. हाक झाल्यावर त्या बंद खोलीत आता ओल्या राखेसारखा वास येऊ लागला होता. गोकुळनं वायर हुंगून पाहिल्या. त्या थंड होत्या.

"आई, आता बास करू."

"का? जवळ आलेत की." लक्ष्मीबाई कानावरचा हेडफोन काढत नव्हती. "पाय लई भाजले म्हणत होते."

"तुला ऐकू आलं?"

"तुला नाय आलं?"

"बाबांचाच आवाज होता?"

"बसलाय जरा. उन्हातान्हात चालतंय माणूस."

मग शहराच्या वेशीवरून, हर्सूलहून, पुंजाराम रिक्षावाल्याचा फोन आला. तो नेहमीचा श्रोता, चेष्टेखोर. त्या दिवशी मात्र जपून बोलत होता.

"मंजूताई, तुमचे वडील किती दिवस झाले गेलेत?"

"दहाएक दिवस होतील. का?"

"नाय, रेडिओतला तो बुवा म्हणत होता, इतक्या वर्षांत कुणी बोलावलंच नाय. आत्ता कुठं हाक आली."

मंजुषानं फोन ठेवला. आईला काहीच सांगितलं नाही.

दुसऱ्या दिवशी लक्ष्मीबाई स्टेशनवर आली नाही. "आज हाक कशाला? आज पोचतील ते. स्वयंपाक करते," म्हणाली. चुलीवर पुरण शिजत होतं.

दुपारी मंजुषा नळाच्या पाण्याच्या वेळा वाचत होती, तेवढ्यात गोकुळनं काचेवर टकटक केलं. दौलताबादहून फोन होता. किल्ल्याखाली पेरू विकणाऱ्या चंपाबाईचा.

"एक म्हातारबुवा लई दिवसांपासून माझ्या पालात हायेत. आज सोताहून नाव सांगितलं. काकासाहेब. लेक रेडिओत बोलती म्हणत्यात."

दौलताबाद. हर्सूलच्या पार उलट्या अंगाला.

गोकुळनं गाडी काढली. काकासाहेब पेरूच्या पाटीशेजारी बसले होते. दाढी वाढलेली, अंगानं खंगलेले, पण धड. मंजुषानं त्यांना मिठी मारली आणि तिला रडू आवरेना.

परत येताना तिनं विचारलं, "बाबा, आईची हाक ऐकलीत?"

त्यांनी खिशातला रेडिओ काढून दाखवला. "घराबाहेर पडलो त्याच दिवशी सेल संपले गं."

तिनं आईला फोन लावला. वाजत राहिला. पुन्हा लावला.

गारखेड्यात गल्लीच्या तोंडाशी कुत्री एका रांगेत उभी होती. भुंकत नव्हती.

दार उघडं होतं. उंबऱ्यात लक्ष्मीबाई उभी होती, दोन्ही हात चौकटीला लावून.

नवऱ्याला पाहून तिचे डोळे भरले. ती हलली नाही.

तिच्या काखेखालून मंजुषाला आतलं दिसलं. पाट मांडलेला. ताट चाटूनपुसून संपवलेलं. ताटातच हात धुतलेला. पाणी अजून हिंदकळत होतं. काळं.

काकासाहेबांनी चप्पल काढली.

लक्ष्मीबाईनं एकदा मागं पाहिलं. मग पुढं वाकून, आत ऐकू जाणार नाही इतक्या हळू, तिनं जन्मात पहिल्यांदा नवऱ्याचं नाव घेतलं.

"काकासाहेब," ती म्हणाली, "तुम्ही आत येऊ नका."