बारा खुणांचा निरोप

आईनं मंगळावरून थालीपिठाची चौकशी केली आहे, असं टिपणीसनं सांगितलं, तेव्हा मी हातातला लाडू तसाच धरून त्याच्याकडे बघत राहिले.

टिपणीस म्हणजे आमच्या घरातला यंत्रमानव. त्या वर्षी मी अकरा वर्षांची होते आणि आमच्या फलटणच्या घरात सगळं लिखाण तोच करायचा. आम्ही नुसतं बोलायचं, तो त्याचं नटवूनथटवून वाक्य करायचा. मी "उद्या येत नाही" असं पुटपुटले, तर मैत्रिणीला जायचं, "काही अपरिहार्य कारणामुळे उपस्थित राहता येणार नाही, क्षमस्व." तिकडून तिच्या घरचा यंत्रमानव तितकंच गुळमुळीत उत्तर धाडायचा. तेव्हा सगळ्यांचं असंच चालायचं. त्यामुळे कोण खरंच रुसलंय आणि कोण नाही, याचा कुणाला पत्ताच लागायचा नाही.

पडद्यावर एवढंच होतं: श १व थ? ख स

टिपणीसनं ते ठासून वाचून दाखवलं, "शरू, एक वाटी थालीपीठ? खमंग, साजूक." आईला थालीपीठ आवडतं याची त्याच्याकडे नोंद होती म्हणे. आता मंगळावर बसलेली बाई वाटीनं थालीपीठ कशाला मोजेल? पण टिपणीसशी वाद घालणं म्हणजे भिंतीवर डोकं आपटणं.

आई तिथं नाचणी पिकवायला गेली होती. काचेच्या घुमटाखाली, मंगळाच्या मातीत. बाबा भोपाळला नोकरीला, शनिवारी यायचे, म्हणून फलटणला मी आबांजवळ असायचे. आबा आईचे वडील. त्यांनी आयुष्यभर अवकाशयानांचे संदेश पकडायचं काम केलं होतं, आणि निवृत्त झाल्यावरही त्यांचा कान तसाच तिखट होता. मी त्यांना हाक मारली. ते आले, पडद्यावरचं वाचलं आणि खुर्चीत बसले. पुन्हा एकदा वाचलं.

"काय लिहिलंय?" मी विचारलं.

"तूच वाचशील. जरा दम धर."

मग त्यांनी पाटी घेतली. आधी निरोप एवढा तोकडा का, ते सांगितलं. धुळीच्या वादळात मंगळावरची मोठी अँटेना मोडली होती. उरली होती एक छोटी. तिची वहनक्षमता (एका वेळी किती माहिती जाऊ शकते ते माप) अगदीच कमी. नळाचा पाइप फुटला की सगळ्या घरानं ठिबकणाऱ्या तोटीखाली रांग लावावी, तसं झालं होतं. तिथल्या प्रत्येकाला आठवड्याला फक्त बारा खुणा मिळत होत्या. अक्षर ही एक खूण, मात्रा ही दुसरी, मधली मोकळी जागा ही आणखी एक. आणि उत्तर देणाऱ्यालाही तेवढ्याच.

आबांनी पाटीवर लिहिलं: दध उत जतय, गस बद कर.

"दूध उतू जातंय, गॅस बंद कर," मी वाचलं. त्यात काय मोठंसं?

"काने, मात्रा, अनुस्वार सगळं पुसलं, तरी तुला कळलं. कसं काय?"

मी म्हटलं, दुसरं काही असूच शकत नाही. आबा खूश झाले. त्यांनी समजावलं, की भाषेत गरजेपेक्षा जास्त खुणा असतात. याला अतिरिक्तता (कळण्यासाठी लागतं त्याहून जास्तीचं) म्हणतात. ती फुकट जात नाही. गोंगाटात एखादं अक्षर हरवलं, तरी उरलेल्यावरून अर्थ लागतो. पण जागा कमी असली, की तीच काढून टाकता येते. याला संक्षेपण (अर्थ राखून आकार घटवणं) म्हणायचं.

"मग नुसतं 'क' लिहिलं तर?" मी खोडी काढली.

"तर कांदा, कपाट, कराड, काहीही. किती गाळायचं हे लिहिणाऱ्यावर नसतं, वाचणाऱ्याला आधीपासून काय ठाऊक आहे त्यावर असतं." याला त्यांनी सामायिक संदर्भ (दोघांनाही माहीत असलेली गोष्ट) असं नाव सांगितलं. डॉक्टरनं अनोळखी पेशंटला असं अर्धंमुर्धं लिहून दिलं, तर त्याचं कल्याणच व्हायचं, असंही म्हणाले.

आणि मग आबा भलतीकडेच गेले. त्यांच्या तरुणपणी फोनवर बटणं असायची, एकेका बटणावर तीन-चार अक्षरं. एक अक्षर उमटायला तेच बटण तीनदा दाबायचं. एका निरोपात इंग्रजी अक्षरं एकशे साठ मावायची, देवनागरी फक्त सत्तर, कारण देवनागरीच्या प्रत्येक खुणेला जागा जास्त लागायची. पुष्कळ फोनना तर मराठी अक्षरं दिसायचीच नाहीत. म्हणून पोरं मराठी बोलणं इंग्रजी अक्षरांत लिहायची, तेही स्वर गाळून. मोठी माणसं कपाळाला हात लावायची, भाषेचं वाटोळं झालं म्हणायची.

"मी कराडला होस्टेलवर, तुझी आजी मिरजेला नर्सिंगला. रोज रात्री मी विचारायचो, जेवलीस का? पहिल्यांदा पूर्ण लिहायचो, तिच्या नावासकट. मग 'जे का' झालं. मग नुसतं 'जे'. शेवटी एक मिस्ड कॉल द्यायचो, की तिला कळायचं. सणाच्या दिवशी कंपनी निरोपांची सवलत बंद ठेवायची, तेव्हा तर सगळी भिस्त मिस्ड कॉलवरच."

"म्हणजे शून्य अक्षरं?"

"शून्य. पण तिथवर यायला दोन वर्षं लागली बघ." आबा हसले. आजी जाऊन तेव्हा बरीच वर्षं झाली होती. ते म्हणाले, आता मला सगळे पूर्ण वाक्यात लिहितात. शुद्ध, सुबक. माझ्यासाठी कुणी काही गाळत नाही. मला त्यांची फार दया आली. मी माझा अर्धा लाडू त्यांना दिला.

मग ते पडद्याकडे वळले. "आता वाच. आईबद्दल तुला जे ठाऊक आहे, ते सगळं डोक्यात धर आणि वाच."

श म्हणजे मी, शर्वरी. ख स? आई भांडणानंतर जवळ बसायची आणि म्हणायची, "खरं सांग." दुसरं काही असूच शकत नाही. मग १व थ. नाचणीला कणसं धरेपर्यंत कुणीतरी एकानं मागं राहायला हवं, असं मंगळमोहिमेच्या केंद्रानं मागच्याच आठवड्यात कळवलं होतं. परतीचं यान महिनाअखेरीला निघणार होतं. मी मोठ्यानं वाचलं.

"शरू, एक वर्ष थांबू का? खरं सांग."

आबांनी मान हलवली. त्यांना आल्या आल्याच कळलं होतं.

मी भयंकर चिडले. आणखी एक वर्ष! टिपणीसनं तेवढ्यात उत्तर तयारही केलं होतं: होय चालेल. नऊच खुणा, शिवाय नम्र. आई ते वाचेल आणि तिला वाटेल, हे यंत्रानं लिहिलंय. शरूच्या मनात काय आहे ते राहिलंच. नुसतं 'थांब' लिहिलं, तरी तेच होईल. 'नको' लिहिलं, तर ती येईल. नक्की येईल, आणि नाचणी वाळून जाईल. आबांना विचारलं, तर म्हणाले, "माझी लेक आहे गं ती. मला विचारलंस तर मी ये म्हणेन. पण तिनं तुला विचारलंय."

मी अंगणात जाऊन बसले. तिनं यावं आणि तिनं थांबावं, मला दोन्ही हवं होतं, आणि दोन्ही एकदम सांगायला बारा खुणा कुठून पुरणार? तेव्हा मला दवाखाना आठवला. मी चार वर्षांची असताना इंजेक्शनच्या वेळी आईनं विचारलं होतं, धरू का घट्ट? आणि मी म्हटलं होतं, "रडीन, पण हात काढणार नाही." मग दाताच्या डॉक्टरकडे, शाळेच्या पहिल्या दिवशी, ती यानात बसायला निघाली तेव्हासुद्धा, आम्ही एकमेकींना तेच म्हणायचो. हे आबांना माहीत नव्हतं. बाबांनाही नाही.

मी आत आले आणि सांगितलं, लिही: र प ह क न

"हा मजकूर कुणालाही कळणार नाही," टिपणीस म्हणाला. "मी तो सुधारून देऊ का?"

"एक काना जरी वाढवलास, तर बघ."

निरोप गेला. मंगळापर्यंत पोचायला त्याला पंधराएक मिनिटं लागतात, पण आईची निरोप पाठवायची पाळी पुढच्या आठवड्यात. तो आठवडा कसा गेला, ते विचारू नका. तिला नाही कळलं तर? ती विसरली असली तर? आबाही रोज सकाळी पडद्यासमोर घुटमळायचे आणि मी दिसले, की चष्मा पुसल्यासारखं करायचे.

आबा जिथं होते, त्याच संदेशकेंद्रात आज मी काम करते, गुरूच्या चंद्रांवर गेलेल्या माणसांचे निरोप घरोघर पोचवते. मोठ्या अँटेना आहेत, तासन्‌तास बोलता येतं, आणि पुढं तर चेहरेही स्पष्ट दिसायला लागतील. पण कधीकधी एखाद्या लांबलचक निरोपाच्या शेवटी दोनच अक्षरं येतात, ज्यांचा अर्थ आमच्या एकाही यंत्राला लागत नाही. ती मी आहेत तशी पुढं धाडते.

तेव्हा मात्र, पुढच्या आठवड्यातल्या गुरुवारी मी शाळेतून आले, तर आबा दारातच उभे होते. मला आत नेलं, पडद्यासमोर बसवलं आणि म्हणाले, "मला काही लागत नाही याचा अर्थ. तूच बघ."

पडद्यावर होतं: म प र ह क न

मी पण रडतेय. हात काढणार नाही.

आई थांबणार होती. मी आबांच्या कुशीत शिरून मनसोक्त रडले.