तलाव खाली आहे

"तलाव खाली आहे," त्यानं सांगितलं, आणि कादंबरी बासष्ट पायऱ्या उतरून गेली.

जूनचा दुसरा रविवार. सकाळचे साडेनऊ. जयपूरच्या छावणीतली चार मराठी कुटुंबं मिनीबस करून सरिस्काच्या डोंगरात आली होती. बंधाऱ्याच्या भिंतीपाशी जंगलाच्या गार्डनं पंधरा मिनिटं उतरू दिलं. भिंतीवर एक उंच मुलगा वहीत काहीतरी टिपत होता. कादंबरीनं त्याला हिंदीत तलावाचं विचारलं होतं, त्यानं उत्तर मराठीत दिलं. आईची आणि तिची बाटलीवरून चाललेली वादावादी त्यानं ऐकली असावी.

खाली चिखल होता, वाळून तडकलेला. मधोमध एक उलटी नाव. पाण्याचा थेंब नाही.

ती धापा टाकत वर आली.

"कुठंय तलाव?"

"सांगितलं तर होतं. खाली आहे."

"खाली मी जाऊन आले!"

"मग पाहिलं ना? पूर्ण खाली आहे."

आधी तिच्या लक्षात आलं.

"रिकामा! रिकामा म्हणायचं त्याला. खाली म्हणजे नीचे."

त्यानं टोपी काढली. कान लाल झाले होते. "मतलब... मी तुम्हाला उगाच बासष्ट पायऱ्या—"

"मोजल्यात वाटतं?"

"तेच काम आहे माझं. किती पायऱ्या पाण्यात, किती बाहेर. पंधरा दिवसांनी येऊन लिहायचं."

त्याचं नाव गौरांग. वडील सोलापूरचे, जयपुरात प्राध्यापक. तो जन्मापासून शास्त्री नगरात. घरी अर्धी हिंदी.

"आणि तुम्ही?"

"कादंबरी."

"त्याचा अर्थ?"

"उपन्यास."

"अच्छा... किती पानांचा?"

"आधी वाचता येतं का ते सांगा."

तो हसला. वहीच्या शेवटच्या पानावर त्यानं लिहून घेतलं: खाली म्हणजे नीचे. ख़ाली म्हणजे रिकामा. मग समोरच्या कोरड्या कड्याकडे बोट केलं. "पावसात तिथून तीन धबधबे पडतात. पाणी आलं की दाखवतो. या वेळी खरंच."

गार्डनं शिट्टी वाजवली. पंधरा मिनिटं संपली होती.

जयपूरच्या सी-स्कीम भागातल्या एका हॉस्पिटलात तिसऱ्या मजल्यावर कादंबरी फिजिओथेरपिस्ट होती. जुलैभर संध्याकाळी सहाला गौरांगची स्कूटर समोरच्या चहाच्या टपरीपाशी लागलेली असायची. चहा आणि रोज एक मराठी शब्द, असं ठरलं होतं.

"मी खूप चेष्टा करतो, मराठी बोलायची."

"चेष्टाच करतोस तू!"

"का? चेष्टा म्हणजे... कोशिश ना?"

"चेष्टा म्हणजे मस्करी."

"हे भगवान. मी बाबांना सांगितलं, मी लग्नाची चेष्टा करतोय."

ती हसता हसता थांबली. "कुणाशी?"

त्यानं कपातल्या चहाकडे पाहिलं. "चहा थंड होतोय तुझा," तो म्हणाला. 'तुझा' पहिल्यांदाच.

ऑगस्टच्या शेवटच्या रविवारी ते दोघं पुन्हा बंधाऱ्यावर गेले. एकोणसाठ पायऱ्या पाण्यात होत्या. तीनच उरल्या होत्या. त्यातल्या मधल्या पायरीवर ते बसले. कड्यावरून तीन धबधबे कोसळत होते आणि वाऱ्याबरोबर त्यांचे तुषार येऊन तिच्या पापण्यांवर बसत होते. गौरांगनं रुमाल पुढे केला. मग रुमाल तसाच राहिला, आणि हात हातात राहिला.

सांगायचं ते तिनं तेव्हाच सांगितलं.

"बाबा तीस सप्टेंबरला रिटायर होतायत. आम्ही साताऱ्याला जातोय, कायमचं. कराडचं एक स्थळ आलंय. मुलगा चांगला आहे... तेच तर वाईट आहे. मी बाबांना तुझ्याबद्दल सांगितलं. ते म्हणाले, त्याला माझ्यासमोर येऊन बोलू दे. मग बघू."

गौरांग पाण्याकडे बघत बोलला.

"माझं कॉन्ट्रॅक्ट अकरा महिन्यांचं असतं. पुढची ऑर्डर पंचवीस सप्टेंबरला. या वेळी पक्की नोकरी देतील म्हणतात. दिली तर दुसऱ्या मिनिटाला येतो. नाही दिली तर... मी खाली. तुझ्या बाबांसमोर, सुभेदारसाहेबांसमोर, खाली माणूस काय तोंड घेऊन उभा राहणार?"

ती चूक तिनं त्या दिवशी दुरुस्त केली नाही. शब्द सुधारायची ती वेळ नव्हती.

"अठ्ठावीसला माझा हॉस्पिटलातला शेवटचा दिवस," ती म्हणाली. "हो असेल तर ये. बाबा चारला न्यायला येणार आहेत, तिथंच बोल. नाही असेल तर येऊ नकोस. एक ओळ लिही. फोन मात्र नको... आवाज ऐकला तर माझा पाय निघणार नाही."

"आणि मी आलो, आणि तूच नाही म्हणालीस तर?"

"तर मी समोर येणार नाही. समजून घे."

हे ती हसत म्हणाली होती.

पंचवीसला ऑर्डर आली नाही. सव्वीसला नाही, सत्तावीसलाही नाही. छावणीतल्या क्वार्टरमध्ये काळ्या ट्रंकांवर बाबांचं नाव पांढऱ्या रंगानं पुन्हा रंगवून झालं. आई रोज फक्त एवढंच विचारायची, "आला का गं काही निरोप?"

अठ्ठावीस सप्टेंबर, दुपारचे दोन वाजून दहा मिनिटं. कादंबरीनं एका आजोबांचा गुडघा सरळ धरला होता. दहापर्यंत मोजायचं होतं. सहावर खिशातला फोन थरथरला. तिनं दहा पूर्ण केले, गुडघा सावकाश खाली ठेवला आणि स्क्रीन पाहिली.

"मी खाली आहे."

एकच ओळ. तिनंच सांगितलं होतं, एक ओळ लिही.

ती स्टुलावर बसली. आजोबांनी विचारलं, "क्या हुआ, बेटी?" ती म्हणाली, "कुछ नहीं अंकल, दूसरा पैर."

दुसऱ्या पायाचे दहा मोजून झाल्यावर तिनं लिहिलं, "ठीक आहे." आणि नंबर ब्लॉक केला. त्याचा एक शब्द जरी आला असता, तरी ती नोकरी नसलेल्या माणसासाठी घर सोडून थांबली असती, हे तिला माहीत होतं.

खोलीच्या खिडक्या मागच्या बाजूला उघडायच्या. चारला बाबांचा फोन आला, "पुढे गाड्या अडकल्यात, मी मागच्या गेटला उभा आहे." ती मागच्या जिन्यानं उतरली. गाडीत बाबांनी तिच्याकडे एकदाच पाहिलं आणि गाडी सुरू केली.

फेब्रुवारीत लग्न झालं. कराडला, मंगेशशी. मंगेश खरोखरच चांगला होता.

लग्नाला आठ दिवस झाले होते, तेव्हा जयपूरहून रत्नमालाताईंचा फोन आला. त्या हॉस्पिटलात सिस्टर होत्या, मूळच्या वर्ध्याच्या.

"सुखी राहा गं. खरं सांगू? मला वाटलं होतं, त्या स्कूटरवाल्याशीच होणार तुझं. पण तू नाही म्हणालीस, तुझं काही कारण असेलच."

"मी... नाही म्हणाले?"

"अगं, तुझ्या शेवटच्या दिवशी उभा होता ना तो! पुढच्या दारापाशी. मी दोनला ड्यूटीवर आले तेव्हा होता, रात्री आठला सुटले तेव्हाही होता. इस्त्रीचा शर्ट, हातात पेढ्यांचा डबा आणि कसलासा कागद. पक्की नोकरी लागली म्हणाला. थोड्या वेळानं मी म्हटलं, 'अरे, वर जा की.' तर म्हणतो, 'कळवलंय ताई, ठीक आहे म्हणाली. येईलच.' मग शेवटी डबा माझ्याकडे देऊन गेला. 'ती समोर आली नाही, मतलब मला समजायला हवं,' म्हणाला. कादंबरी? ऐकतेयस ना?"

"हो."

"मराठी मात्र छान बोलायला लागला होता हं. एक चूक नाही."

फोन ठेवल्यावर तिनं तो नंबर काढला आणि ब्लॉक उठवला. नवीन काहीच आलं नाही. ब्लॉक असताना लिहिलेलं नंतर पोचत नाही. जुनी ओळ तिथंच होती, तिच्या 'ठीक आहे'च्या वर. तिनं शिकवल्याबरहुकूम लिहिलेली, शुद्ध.

मी खाली आहे.

स्वयंपाकघरातून मंगेशनं विचारलं, "चहा टाकू का गं?"

ती उठली. दुसऱ्या मजल्याच्या गॅलरीत गेली, कठड्याला धरून वाकली आणि पाहिलं.

खाली कुणी नव्हतं.