विहिरीच्या तीनशे पावलं अलीकडे

गोजाबाईला डोळे मिटण्याआधी आपलं नाव बघायचं होतं. भातसा धरणात बुडालेल्या तिच्या गावात बौद्धवाडीची विहीर होती. धम्म घेतल्यावर वाडीनं ती खणली, तेव्हा तिच्या बापानं कठड्याच्या दगडावर छिन्नीनं लेकीचं नाव कोरलं. त्या वयात त्याला अक्षरं शिकवली कुणी? त्याच सात वर्षांच्या लेकीनं! यंदा मे महिन्यात पाणी इतकं ओसरलं, की कठडा उघडा पडला.

पण आता गोजाबाईची फुप्फुसं थकली होती. तिचं ऑक्सिजनचं यंत्र विजेवर चाले, आणि विजेचं गणित तिच्या लेकाला पाठ होतं. रत्नदीप शहापुरात लोकांच्या फिरत्या घरांवर सोलर बसवून देई, चाकांत हवा मोजणारे सेन्सर लावी. स्वतःच्या जुन्या टेम्पोचंही त्यानं तसंच घर केलं होतं. त्यात आईला निजवून, धाकट्या बहिणीला, संघरत्नाला, सोबत घेऊन तो सकाळीच धरणाच्या उघड्या तळात उतरला.

गाळ वरून सुकला होता, आत मात्र ओला. गाडी रुतू नये म्हणून रत्नदीपनं चारही चाकांची हवा निम्म्यावर आणली. लगेच लाल दिवे लागले, सेन्सरचा भोंगा कोकलू लागला. "गप रे!" म्हणून त्यानं तो बंद केला. काहीही होवो, भोंगा बंद करू नका, असं तो गिऱ्हाइकांना बजावून सांगे. लोका सांगे ब्रह्मज्ञान!

आणि विहीर दिसली! तीनशे पावलांवर काळा, तिरका कठडा. आई उठून बसली. तेवढ्यात गाडी डावीकडे कलंडली. बुडालेल्या झाडाचा खुंट मागच्या चाकात केव्हाच घुसला होता, आणि हवा झपाट्यानं गेली की सूर बदलून सांगणारा भोंगा मुका करून ठेवलेला.

रत्नदीपनं गाडी रेटली. चाक आणखीच रुतलं. इंजिन बंद पडलं. चावी फिरवून फिरवून इंजिनची बॅटरीही उतरली. मोबाइलला रेंज नाही. गाडी कलल्यानं टपावरच्या पॅनलनी उन्हाकडे पाठ फिरवलेली. चाक मोकळं करण्यात आणि भोक बुजवण्यात तीन तास गेले. टेम्पोतल्या घराच्या बॅटरीत अठरा टक्के उरले.

त्यातच चाकात हवा भरायची होती, त्यातच इंजिन सुरू करायचं होतं, आणि त्यावरच आई श्वास घेत होती. रत्नदीपला पहिल्यांदा स्वतःची किळस आली.

"दादा, पंप आन् यंत्र दोन्ही नाय चालणार," संघरत्ना हळूच म्हणाली.

"यंत्र बंद कर," गोजाबाई म्हणाली. "धा मिनिटं काडीन मी."

यंत्र थांबलं. हवेचा पंप घरघरू लागला. संघरत्नानं आईच्या बोटाला लावलेल्या ऑक्सिजन-मापकाकडे डोळे लावले. नव्वद. शहाऐंशी. एक्क्याऐंशी! आईचे ओठ निळे पडले. लेकीच्या तळहातावर ती बोटानं काहीतरी गिरवत होती. 'गो'चा काना लांब, 'जा' तिरका. बापाचं अक्षर.

"दादा, लवकर!"

चाक फुगलं. वायर जोडली. चावी. खर्र... खर्र... इंजिन लागलं! यंत्र पुन्हा सुरू झालं आणि आकडा हळूहळू चढू लागला.

गाडी खड्ड्यातून निघाली. रत्नदीपनं विहिरीकडे पाहिलं. "आय, तीनशेच पावलं. जाऊ या?"

"आन् परत रुतली तर? फिरव."

"मी धावत जाऊन फोटो तरी काडतो."

"नको, रतन. नाव दगडात हाय. पान्यात बी तसंच ऱ्हातंय." तिनं समोरच्या लाल दिव्यांकडे बोट केलं. "तो भोंगा चालू कर बाबा."

त्यानं चालू केला. हवा अजून तिन्ही चाकांत कमीच होती, त्यामुळे भोंगा लगेच ओरडू लागला. गाळ ओलांडेपर्यंत तो ओरडत राहिला. विहीर मागे लहान होत गेली. कुणीही त्याला गप्प केलं नाही.

डांबरी रस्त्यावर रत्नदीपनं एकेक करून चाकं भरली. शेवटचं चाक भरलं, तसा भोंगा आपणहून थांबला. मग मागून आईचा श्वास ऐकू आला.