गारपिटीतला बारीक आवाज

माझ्या अँटेनाची वायर एका शेळीच्या तोंडात होती, आणि त्या शेळीमागं धावत मेंढपाळ अंगद आला.

"ओ मॅडम, थांबा! ओढू नका, ती लई हट्टी हाय."

"आणि तुम्ही?" मी चिडून विचारलं.

"मी... तिच्यापेक्षा जरा कमी." त्यानं हळूच वायर सोडवली आणि हसला. मला मात्र हसू दाबायला मान फिरवावी लागली.

मी स्वप्ना. घाटनांदूरजवळच्या त्या माळावर पुण्याहून माझ्या चिपची चाचणी घ्यायला आले होते. चिप अजून घडायची होती. तिचं डिझाइन एका बोर्डावर भरून आणलं होतं. वायरलेसवर अनेकजण एकदम बोलले की आवाज एकमेकांत घुसतात. माझं डिझाइन सगळ्यांत मोठा आवाज ओळखून बाजूला काढतं, मग त्याखालचा, मग त्याखालचा...

"म्हंजे सगळ्यात हळू बोलणाऱ्याचं बी ऐकू येतं?" अंगदनं विचारलं.

"यायला हवं."

"मग मी हळूच बोलत जाईन," तो म्हणाला, आणि माझे कान तापले.

त्याच्या शब्दावर माळावरच्या मेंढपाळांनी आमचे वायरलेस संच घेतले. त्याच्या आईनं, छबुबाईंनीही. सगळं बरं चाललं होतं. मग एका दुपारी आभाळ काळंनिळं झालं आणि — गारा!

चाचणीसाठी भाड्यानं घेतलेल्या गाडीतल्या रिसीव्हरवर सगळे एकदम ओरडू लागले. "मेंढरं पांगली!" "इकडं या!" नुसता कल्ला. अंगद भिजून आत शिरला. त्याच्या कपाळावर गारेचं टेंगूळ आलं होतं.

"आई कुटं हाय?"

बोर्डानं मोठे आवाज एकेक करून बाजूला काढले. तळाशी बाईचा आवाज उरला... पण फाटलेला.

"आईच हाय ती! काय म्हणती?"

"कळत नाही... दुसऱ्यांच्या आवाजाचे तुकडे राहिलेत त्यात."

ते तुकडे पुसायचे तर बोर्डाचा वेग मर्यादेपलीकडं न्यावा लागणार होता. तो जळला असता. चिप बनवायची की काम बंद करायचं, हे कंपनी याच बोर्डावर ठरवणार होती. दुसरा बोर्ड नव्हता.

अंगद दाराकडं वळला. "मी बगतो माळभर."

"थांबा!" मी त्याचं मनगट घट्ट धरलं आणि दुसऱ्या हातानं वेग चढवला.

जळका वास आला... आणि स्पष्ट ऐकू आलं — "खदानीत पडले... पाय... पानी चडतंय..."

मग सगळं गप्प.

अंगद धावत सुटला. गाडीच्या पत्र्यावर गारा आदळत राहिल्या. तो येईपर्यंत मी एकदाही बोर्डाकडं पाहिलं नाही. फक्त वाटेकडं.

तो आला तेव्हा आई त्याच्या पाठीवर होती. पाय मोडलेला, ओठ निळे, तरी विचारत होती, "मेंढरं गावली का रं?"

अंबाजोगाईच्या दवाखान्यात तिच्या पायाला प्लास्टर झालं. दुसऱ्या दिवशी तो मला स्टँडवर सोडायला आला.

"तुमचं काम गेलं ना... आमच्यापायी?"

"बोर्ड गेला. डिझाइन डोक्यात आहे. भांडेन मी."

कंडक्टरनं घंटी वाजवली. अंगदनं खिडकीचा गज धरला. "मला नीट बोलाय येत न्हाई. पण तुमी निघालात अन्... रानात जाऊ वाटंना."

"रविवारी येते."

"आईला बगाय?"

बस हलली. तो सोबत चालू लागला, मग पळू लागला.

"नाही!" मी खिडकीतून ओरडले. सगळी बस ऐकत होती. "तुला!"