मोहनसिंगकाकांनी निवडलेलं टायर

"मी सांगितलं ते आणलंच न्हाई," दिपा म्हणाली आणि अंगणात पडलेल्या टायरपाशी उकिडवी बसली.

सुट्टी लागल्यापासून दिपा, तिचा चुलतभाऊ दिपक आणि औंढ्याहून रोज तांड्यावर येणारी तिची वर्गमैत्रीण आरोही यांना दुसरं काही सुचत नव्हतं. रविवारी चौदा वर्षांच्या आतल्या मुलींची डोंगरातली सायकल शर्यत होती. पहिल्या तिघींना पुण्याच्या सराव शिबिरात जागा! जुलैत दिपाला चौदा पूर्ण होणार होती आणि त्यापुढच्या मुलींची शर्यत इकडे कोणी भरवत नाही. म्हणजे यंदा नाही तर कधीच नाही.

तिघांनी वाट तीनदा पायी तुडवली होती. निम्मा मुरूम, निम्मे दगड, कडेला सराट्याचे काटे. त्यावरून टायरही ठरलं होतं. टायरवरच्या मधल्या रबरी गुठळ्या बारीक आणि जवळजवळ, म्हणजे सायकल पळते. कडेच्या उंच, म्हणजे वळणावर घसरत नाही. खाली रबर जाड, म्हणजे काटा आत जात नाही. असं टायर औंढ्याच्या दुकानात होतंही, आणि फार महाग नव्हतं.

पण तांड्यात टायर घ्यायचं म्हणजे मोहनसिंगकाकांनीच. वीस वर्षं ट्रॅक्टर चालवलेल्या माणसाला कोण शिकवणार?

"गुठळ्या बघ केवढ्या हायेत," काका म्हणाले. "ट्रॅक्टर वावरात कशाच्या जोरावर चालतं? मोठ्या गुठळीच्या. वरून स्वस्तात भेटलं. दुकानवाला उकंडराव आपल्या ओळखीचा हाय."

"काका, दिपा शर्यतीत नांगरणी करून राहिली का?" दिपकनं विचारलं. त्याला टपली बसली.

जुनं टायर झिजून दोरे दिसायला लागले होते, म्हणून दिपानं मुकाट्यानं हेच बसवलं. गुरुवारी सरावात ती पहिल्याच वळणावर घसरली. मुरमावर त्या थोराड गुठळ्या नुसत्या लचकत होत्या. धूळ पुसता पुसता आरोहीची बोटं काळीकुट्ट झाली.

"नव्या टायरचा रंग हाताला लागतो का गं?" तिनं दोन्ही अंगठ्यांनी रबर वाकवलं. गुठळ्यांच्या मुळाशी सगळीकडे बारीक भेगा होत्या.

"हे जुनं हाय," दिपा म्हणाली. "पॉलिश करून काकांच्या गळ्यात मारलंय."

तिघं टायर काढून घेऊन औंढ्याला गेली. दुकानाबाहेरची निळी भिंत उन्हानं पांढरट पडली होती. फक्त एका खिळ्याखाली गर्द निळा रंग टिकून होता, कड्यासारखा गोल. दिपकनं त्यावर टायर धरलं. ते तंतोतंत बसलं.

"गिऱ्हाइकाला दिसावं म्हणून टांगलेलं टायर!" आरोही म्हणाली. "मी पहिलीत होते तेव्हापासून ते इथंच उन्हात होतं."

उकंडराव बाहेर आले, भिंतीकडे बघितलं आणि मान फिरवली. "मोहनसिंगला पाठवा," ते म्हणाले. "तो आला तर बदलून देतो. लेकरांशी मी व्यवहार करत न्हाई."

एवढंच काम होतं. काकांनी औंढ्यापर्यंत जायचं. पण हे ऐकून काकांचा चेहरा उतरला, मग लाल झाला.

"ओळखीच्या दुकानात माल परत करू? मोहनसिंगला टायर कळंना, असं गावभर व्हावं व्हय?"

"एकदा भिंत तर बघा काका," दिपानं विनवलं.

"मला भिंती बघायला येळ न्हाई."

मोठ्यांची अब्रू सांभाळायची तर किंमत लहानांनी द्यायची, हा कुठला न्याय? पण दिपाचं कोण ऐकणार?

रविवारी तेच टायर पुन्हा बसवून ती शर्यतीत उतरली आणि शेवटच्या उताराला दुसरी होती. तिथं टायर फाटलं. ती पडली, उठली, सायकल खांद्यावर घेऊन पळत सुटली आणि सातवी आली. गुडघ्यातून रक्त वाहत होतं, पण ती त्यासाठी रडत नव्हती.

काकांनी फाटकं टायर उचललं. आपली काळी झालेली बोटं बघितली. मग तांड्याचे नाईक रूपसिंग यांना घेऊन ते तडक औंढ्याला गेले आणि चारचौघांत टायर भिंतीला लावून दाखवलं. उकंडरावांनी गुपचूप दुसरं टायर काढून दिलं, दिपानं सांगितलं होतं तेच.

संध्याकाळी अंगणात नुसतं कौतुक चाललं. "लेकरांनी लबाडी बराबर पकडली," रूपसिंग नाईक म्हणाले. दिपक आणि आरोहीची पाठ थोपटून झाली.

काकांनी दिपाच्या डोक्यावर हात ठेवला. "चुकलं माझं, लेकरा. पण आता टायर पक्कं हाय. पुढच्या वर्षी तूच पहिली येशील."

"पुढच्या वर्षी मला घेणार न्हाईत, काका."

"काहून?"

"जुलैत मला चौदा पुरी होणार. हीच शेवटची होती."

काकांना हे माहीत नव्हतं. त्यांनी कधी विचारलंच नव्हतं. तिच्या डोक्यावर ठेवलेला हात आता काढायचा कसा, हे त्यांना कळेना.